कृष्णविवरासाठी आणखी दुर्बिणी कशाला, असे विचारणाऱ्या पर्वरीकरांस

फोंड्याची शिक्षिका:
‘कृष्णविवराचे छायाचित्र मिळाले, आता आणखी दुर्बिणी कशाला? हव्याच असतील तर पुण्याजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस थाळ्या जोडा’, हे पर्वरीकरांचे कालचे लिखाण वाचून गप्प बसवले नाही. 10 एप्रिल 2019 रोजी जगाने एम 87 दीर्घिकेतील कृष्णविवराभोवतीचे जे कडे पाहिले, त्याचे वेध एप्रिल 2017 मध्ये चिली, हवाई, ॲरिझोना, मेक्सिको आणि स्पेन या पाच ठिकाणांहून घेतले होते. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीला एम 87 दिसतच नाही. अशी दूरदूरची ठिकाणे जोडून पृथ्वीएवढी एकच दुर्बीण होते; त्यांतील दर दोघांची जोडी चित्राचा एकेक तुकडा देते आणि उरलेल्या जागा संगणकाला भराव्या लागतात. पाच ठिकाणांच्या जोड्या होतात फक्त 10. आणखी दहा ठिकाणी लहान थाळ्या बसवल्या, तर त्याच जोड्या 105 होतील. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराभोवतीचा वायू तर काही मिनिटांतच रूप बदलतो, त्यामुळे पृथ्वी फिरून नवा कोन मिळेपर्यंत थांबण्याची तेथे सोयच नाही.

पर्वरीकर:
म्हणजे मधल्या रिकाम्या जागा संगणकाने भरल्या, हे आपणच मान्य केले. माझ्या वडिलोपार्जित भाटाची, म्हणजे बागायतीची, हद्द एका मोजणीदाराने दोन खुणांवरून अशीच अंदाजाने ओढली आणि त्यापायी मी अकरा वर्षे तारखा घेत आहे. अंदाजाने काढलेल्या चित्राला मी पुरावा मानत नाही.

फोंड्याची शिक्षिका:
चार गटांनी एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे चित्रे काढली आणि चौघांनाही तेच कडे मिळाले. आपल्या भाटाची मोजणी चौघांनी वेगवेगळी केली असती, तर आपणही निश्चिंत झाला असता. आणि अंदाज नको असेल, तर खुणांचे दगड वाढवावे लागतात. नव्या थाळ्या म्हणजे तेच दगड.

पर्वरीकर:
वर्गात बोलता तसे येथे बोलू नये. खोडदच्या थाळ्या 45 मीटरच्या आहेत, आपल्या लोकांनी बांधलेल्या आहेत, त्यांच्याबद्दल आपण चकार शब्द काढला नाही.

वास्कोचा तारवटी:
त्याचे उत्तर मी देतो, कारण एकोणीस वर्षे जहाजावर रडारसमोर उभा राहिलो आहे. आमच्याकडे दोन रडार असत, एक तीन सेंटिमीटर लहरीचे आणि एक दहाचे. जोराचा पाऊस आला की तीनच्या पडद्यावर सगळा पांढरा गोळा होई आणि त्यात मच्छीमारांच्या होड्या हरवत; दहाचे लावले की त्यातल्या बऱ्याच पुन्हा दिसू लागत. मात्र कोरड्या हवेत बारीक तपशील तीनवरच मिळे.

म्हापसेकर:
तारवटीबाब, रडार स्वतः लहर सोडते, दुर्बीण नुसती ऐकते. ही तुलना चुकीची आहे.

वास्कोचा तारवटी:
सोडणे आणि ऐकणे वेगळे, हे मान्य. वाटेतले पाणी दोघांनाही सारखेच आडवे येते. कृष्णविवराचे कडे टिपणारी लहर 1.3 मिलिमीटरची आहे, तिला पाऊस सोडाच, हवेतली वाफही अडवते. म्हणून तिची थाळी आपल्या किनाऱ्यावर चालणार नाही. ती कोरड्या, उंच जागीच हवी. खोडदची सर्वांत आखूड लहर सुमारे 20 सेंटिमीटरची, म्हणजे दीडशेपट लांब, म्हणून तिच्यावर पृथ्वीएवढे जाळे विणले तरी चित्र दीडशेपट जाडेभरडे येईल. शिवाय त्या थाळ्या तारांच्या जाळीच्या आहेत, 1.3 मिलिमीटरची लहर जाळीच्या भोकांतून सरळ निघून जाईल.

पर्वरीकर:
जाळीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. खोडदचे म्हणणे मागे घेतो, तेवढेच.

फोंड्याची शिक्षिका:
मग लडाखच्या हानलेचा विचार करावा. सुमारे 4,500 मीटर उंची आहे, हवा कोरडी आहे आणि वेधशाळा आधीपासून आहे. एम 87 स्पेनच्या आधी सुमारे साडेपाच तास हानलेच्या आकाशात उगवतो; आज त्या वेळात या जाळ्याचा पूर्वेकडचा भाग जवळजवळ मोकळा असतो. तेथे एक लहान थाळी बसावी, असे मला मनापासून वाटते.

पर्वरीकर:
त्या साडेपाच तासांचा खर्च कोणी करायचा, ते आपण अजूनही सांगितलेले नाही.