फ्रान्समधल्या खेड्यात राहिलंय का कोणी? रोजचं आणि सणासुदीचं कसं असतं?

माशेलची_सून:
नमस्कार मंडळी. ह्यांची बदली फ्रान्सला झालीये, क्लेरमाँ-फेराँपासून पाऊण तासावरच्या एका खेड्यात घर मिळतंय, ऑगस्टात निघायचं. माहेर फोंडा, सासर माशेल, ह्याच्या पलीकडे मी कधी राहिलेच नाही. नेटवर शोधलं की एक तर पॅरिस येतं नाहीतर लॅव्हेंडरचे फोटो. मला साधंच विचारायचंय, सकाळी पाव कुठून आणायचा, दुकानं कधी बंद होतात, जत्रा-फेस्त असं काही असतं की नुसती सामसूम, आणि असलं तर आपण गेलेलं चालतं का? सोमवारी आम्ही शिवराक, म्हणजे मांस-मासे नाहीत. आणि गणेश चवथीचं काय करायचं हो, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला तिथे कसली फळं बांधणार?

साखळीचा_भाचा:
वहिनी, मी त्याच बाजूला कांतालमध्ये होतो म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे बोंझूर. दुकानात शिरताना, पोस्टात, बसमध्ये चढताना, ते न म्हणता थेट पाव मागितलात तर काउंटरवरची बाई जी तोंड फुगवते ती फुगवतेच. बेकरी सकाळी उघडते, आठवड्यातून एक दिवस बंद, बऱ्याचदा सोमवार, आणि जिथे बेकरीच उरली नाही अशा काही गावांत व्हॅन येते हॉर्न वाजवत, आपल्या पाववाल्या पोदेराची आठवण येईल. १२ ते २ सगळं बंद, पंचायतसुद्धा. आपण गोंयकारांनी ह्यावर काही बोलू नये 😄

सण म्हणाल तर १४ जुलै, त्यांचा राष्ट्रीय दिन, तुमची हुकणार. मुलं कंदील घेऊन मिरवणूक काढतात, मग दारूकाम, मग चौकात नाच, तो खूप ठिकाणी अग्निशमनवालेच ठेवतात. पण गावाचं स्वतःचं फेस्त बऱ्याच ठिकाणी १५ ऑगस्टच्या आसपास पडतं, सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं फेस्त म्हणून तिथेही त्या दिवशी सुट्टी. हे सगळं गावातली कमिटी करते, कोमिते दे फेत म्हणतात, आणि जत्रेच्या कमिटीत असतात तीच भांडणं तिथेही. लांब टेबलं मांडून जेवण असतं, कुपनं आधी घ्यायची, आणि पोस्टरवर खाली बारीक अक्षरात कधीकधी लिहिलेलं असतं की ताट, ग्लास, काटा-सुरी घरून आणा. ते वाचल्याशिवाय जाऊ नका, सगळे टोपलीतून आपापली ताटं काढतात आणि आपण हात चोळत बसतो. शिवराक असाल तर अलिगो मागा, बटाटा, ताजं चीझ, लसूण, अशी तार सुटते की बघत राहावं. फक्त कडक पाळत असाल तर बहुतेक पारंपरिक चीझमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं हे आधीच माहीत असू द्या.

आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला जवळच्या मोठ्या गावात सगळी मंडळं एका दिवशी टेबलं लावून बसतात, तिथे जाऊन कशाततरी नाव घालाच. भाषा येत नाही म्हणून घरी बसू नका, खुर्च्या उचलायला व्याकरण लागत नाही.

पेडण्याचो_पात्रांव:
कोंबडा पाळा बिनधास्त. २०१९ मध्ये ओलेराँ बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर सेकंड होमवाल्या शेजाऱ्यांनी केस घातली, पहाटे आरवतो म्हणून. कोंबडा जिंकला!! मग २०२१ मध्ये कायदाच केला की खेड्यातले आवाज आणि वास हा तिथला वारसा आहे. आमच्या वाड्यावर फ्लॅट घेऊन मग देवळातल्या घंटेची तक्रार करणाऱ्यांना हा कायदा कोण वाचून दाखवणार

मडगावची_माई:
भाच्याने सांगितलं ते खरं, पण ते उन्हाळ्यातलं गो. नोव्हेंबरनंतर पाचला काळोख, खिडक्यांची शटरं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. देशात जवळजवळ ३५,००० कम्यून, म्हणजे आपल्या पंचायत-पालिकांसारखे भाग, त्यातली अर्ध्याहून जास्त ५०० पेक्षा कमी वस्तीची, म्हणजे खूप ठिकाणी शाळा नाही की कॅफे नाही. बस असली तरी बहुतेक शाळेच्या वेळेपुरती. गाडी घ्याच.

तरी हिवाळ्यात ११ नोव्हेंबर चुकवू नकोस. १९१८ ला पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस. अगदी छोट्या गावातही मेलेल्या सैनिकांच्या नावांचा खांब असतो, तिथे मेयर भाषण वाचतो, नावं पुकारतात, एकाच आडनावाचे दोघे-तिघे ऐकू येतात आणि पोटात कसंतरी होतं. मग सगळे पंचायतीत जाऊन एकेक ग्लास वाइन घेतात. तिथे उभी राहिलीस की दुसऱ्या दिवसापासून लोक स्वतःहून ओळख दाखवतात, माझा अनुभव तरी हाच.

जानेवारीत गालेत असते. आपल्याकडे ६ जानेवारीला रेइश मागुशचं फेस्त, त्याच तीन राजांचा हा केक, आत बदामाचं सारण आणि एक चिनीमातीचं चिमुकलं खेळणं, ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा. सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाला ते ओरडतं. जपून चाव, दात जाईल.

वर्षाअखेरीस अग्निशमनवाले कॅलेंडर घेऊन दारात येतील, हाकलू नकोस. पाचातले चार जण तिथे स्वयंसेवक असतात. आणि कोणी जेवायला बोलावलं तर शेवंती नेऊ नकोस हं, ती १ नोव्हेंबरला थडग्यांवर ठेवतात.

माशेलची_सून:
बाप रे, मी शेवंतीच नेली असती. देव बरें करूं सगळ्यांचं. पण माटोळी??

साखळीचा_भाचा:
तेव्हा तिथे सफरचंद, प्लम, द्राक्षं, भोपळा, मक्याची कणसं असं सगळं येतं, शनिवार-रविवारच्या बाजारात देठासकट मागा. सुपारीचं शिपटं विसरा. मूर्ती लहान, शाडूची, विसर्जन घरी बादलीत. आणि जमलं तर पॅरिसला जा, ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळांच्या देवळाची गणपतीची मिरवणूक निघते, रस्त्यात नारळांचे ढीग फोडतात. तारीख आधी बघा, रविवारी असते, चवथीच्याच दिवशी असं नाही.