आयव्ही लीगमधल्या चार जागा

आयव्ही लीग म्हणजे अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांचा क्रीडासंघ; तिच्या पुरुष लॅक्रॉसमध्ये (जाळीच्या काठीने चेंडू झेलून गोल करण्याचा खेळ) पहिल्या चारांत न आलेल्या संघाचा हंगाम तिथेच संपतो, असे काही जण म्हणतात, पण ते मला पटत नाही. त्यांपैकी कोलंबिया विद्यापीठाचा पुरुष संघ नसल्यामुळे सात संघ, प्रत्येकाचे सहा लीग सामने आणि हंगामाअखेरच्या लीग स्पर्धेत फक्त चार जागा असा हिशेब आहे. त्यामुळे एप्रिलअखेरीस काही संघ बरोबरीत अडकले, की आधी त्यांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल पाहिला जातो. म्हणजे मार्चमध्ये शेवटच्या मिनिटाला हरलेला एक फेसऑफ (चेंडूच्या ताब्यासाठी दोन खेळाडूंची झटापट) आणि त्यातून बसलेला एक गोल महिन्याभराने अंगाशी येतो. या चुरशीसाठीच मी हे सामने आवर्जून पाहतो. मात्र लीग स्पर्धेच्या विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळत असला, तरी थेट प्रवेशांनंतर उरलेल्या जागा निवड समिती संपूर्ण हंगामाची कामगिरी पाहून भरते. २०२२ साली आयव्हीचे तब्बल सहा संघ तिथे पोहोचले, अर्थात चौघांबाहेरच्या दोघांनाही बोलावणे आले. कॉर्नेलने तर अंतिम फेरी गाठली आणि मेरीलँडकडून ९-७ असा निसटता पराभव पत्करला. म्हणूनच लीगबाहेरच्या तगड्या संघांशी सामने ठरवणाऱ्या प्रशिक्षकांचे मला मनापासून कौतुक वाटते.