फुटबॉल क्लबचं संग्रहालय : समर्थकांनी मागावं का?

जुना प्रोग्रॅम (धागाकर्ता)

स्टेडियम पाडायचं ठरलं, मालक बदलला किंवा क्लबची शताब्दी जवळ आली, की समर्थकांतले काही जण हमखास म्हणतात, आपल्या क्लबचं संग्रहालय हवं. सह्या गोळा होतात, संचालकांना निवेदन जातं. लगेच दुसरा गट म्हणतो, आधी बचावफळीत धड सेंटर बॅक आणा, मग चषक पुसत बसा. मी पहिल्या गटातला, पण एका अटीवर. संग्रहालय क्लबच्या आवारात असावं, त्यातल्या वस्तू मात्र क्लबच्या मालकीच्या नसाव्यात. त्या समर्थकांच्या स्वतंत्र ट्रस्टच्या नावावर हव्यात.

अट का, ते सांगतो. इंग्लंडचा शेफील्ड एफसी १८५७ सालचा. आज चालू असलेल्यांपैकी जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. १८५८ च्या हस्तलिखित नियमांसकट सुरुवातीची दफ्तरं त्यांच्याकडे होती. जुलै २०११ मध्ये लंडनच्या लिलावात ती ८,८१,२५० पौंडांना गेली. क्लबला पैसा हवा होता, त्याबद्दल नावं ठेवत नाही. पण इतके अनमोल कागद विकायचे की नाही हे त्या वर्षी खुर्चीत कोण बसलंय यावर ठरावं, हे काही बरोबर नाही.

दुसरं उदाहरण लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं. १९८८ चा एफए कप, म्हणजे इंग्लंडचा मानाचा फुटबॉल चषक, जिंकलेला हा क्लब २००३ मध्ये दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला हलवला, पुढच्या वर्षी नावही बदललं. समर्थकांनी त्याआधीच, २००२ मध्ये, एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला होता. मग प्रश्न आला, १९८८ चा विजय कुणाचा? जुन्या जर्सी, चषकाची प्रतिकृती, बाकीचं सामान कुणाचं? समर्थक संघटनांनी हा मुद्दा लावून धरला. २००६ मध्ये समझोता झाला आणि २००७ मध्ये ते सगळं विम्बल्डन ज्या मर्टन विभागात येतं तिथल्या कौन्सिलकडे सोपवलं गेलं. म्हणजे मालकाने क्लब उचलून नेला, इतिहास मात्र लोकांनी परत आणला. हे भांडण होण्याआधीच कागद करून ठेवता येतात, इतकंच माझं म्हणणं.

हिशेबनीस

असहमत. भावना कळतात, आकडे कळत नाहीत.

संग्रहालय बांधायला एकदा पैसे लागतात, चालवायला दरवर्षी. पगार, विमा, वीज, सुरक्षा. इंग्लंडचं नॅशनल फुटबॉल म्युझियम २००१ मध्ये प्रेस्टनच्या डीपडेल स्टेडियममध्येच सुरू झालं. म्हणजे जागा साक्षात मैदानात, आणि विषय एका क्लबचा नाही, अख्ख्या देशाच्या फुटबॉलचा. तरी तिथे टिकलं नाही. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या मध्यवस्तीत हलवावं लागलं. प्रवेश मोफत होता, २०१९ पासून बाहेरगावच्यांना तिकीट लागलं. राष्ट्रीय संस्थेची ही कथा, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबने काय करावं?

आता कुणीतरी बार्सिलोनाचं नाव घेईलच. १९८४ पासूनचं संग्रहालय, वर्षाला दहा लाखांवर लोक. ते लोक बार्सिलोना शहर बघायला आलेले असतात हो. आपल्याकडे येणार तेच, ज्यांच्या घरी आधीच पाच स्कार्फ आहेत, आणि तेही एकदाच.

हाच पैसा अकादमीत घाला. १९ वर्षांखालचा एक पोरगा वर आला तर दहा वर्षांचा खर्च निघतो.

डावा विंगर

हिशेबनीस +१. शिवाय जो क्लब संग्रहालयाच्या मागे लागतो त्याचे जिंकायचे दिवस संपलेत असं समजावं.

जुना प्रोग्रॅम

@डावा विंगर : रिआल माद्रिदकडे संग्रहालयही आहे आणि चषकही येतायत, त्यांना जाऊन हे सांगून या.

@हिशेबनीस : मी दहा लाख लोकांचं संग्रहालय मागतच नाहीये. हॅम्बुर्गचा सेंट पाउली क्लब बघा. नव्या स्टँडखालच्या जागेत पोलीस ठाणं यायचं होतं. समर्थकांनी विरोध केला, आणि नुसता विरोध करून थांबले नाहीत, त्या जागेत संग्रहालय करू म्हणाले. २०१२ मध्ये स्वतःची नोंदणीकृत संस्था काढली, देणग्या जमवल्या, जागा मिळवली. आधी तात्पुरती प्रदर्शनं, मग सावकाश कायमचं दालन. कुणी सुतारकाम केलं, कुणी वायरिंग. डॉर्टमुंडच्या संग्रहालयातही स्वयंसेवकांचा मोठा हात आहे. पगाराचा आकडा तुम्ही मांडता तेवढा नसतोच.

कसर आणि वाळवी

स्वयंसेवक म्हणून एका संग्रहालयाच्या कापड आणि कागद विभागात काम करते, म्हणून मध्ये बोलते. धाग्यात सगळे 'जागा' आणि 'पैसा' म्हणतायत, वस्तूंविषयी कुणी बोलत नाही.

चषक. क्लबमध्ये काचेच्या कपाटात हिरव्या किंवा लाल फेल्टवर मांडलेले असतात. छान दिसतं. पण फेल्ट लोकरीचं असेल तर त्यातून गंधकाची संयुगं सुटतात आणि बंद कपाटात चांदी भराभर काळी पडते. मग कुणीतरी दर महिन्याला पॉलिश लावून घासतं. प्रत्येक घासण्यात थोडी चांदी जाते, आणि आधी जातात ती बारीक कोरलेली नावं. म्हणजे ज्यासाठी चषक ठेवला तेच पुसून टाकतो आपण, मोठ्या प्रेमाने.

जर्सी. जुन्या लोकरी जर्सींना कसर लागते. उपाय डांबराच्या गोळ्या नव्हे. पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे ३० अंशांना तीन दिवस, किंवा साध्या उणे १८ ला दोन आठवडे. पॉलिस्टरला कसर लागत नाही, पण घडी घालून ठेवलेल्या जर्सीवरचे रबरी आकडे तडकतात किंवा एकमेकांना चिकटतात. त्या सपाट ठेवायच्या, मध्ये कागद घालून, तोही आम्लरहित. आणि स्पॉटलाइट नको! कापडासाठी ५० लक्स (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पुरे, म्हणजे जवळपास अंधुक. बहुतेक क्लबांत जर्सी खिडकीसमोर फ्रेम करून लावलेली असते. मळखाऊ लाल रंगाचा गुलाबी झालेला मी स्वतः पाहिलाय.

सामन्यांच्या पुस्तिका : पिना काढा, गंजतात. पीव्हीसीचे चकचकीत पाउच फेका, शाई त्यांना चिकटून निघून येते. वर्तमानपत्राची कात्रणं वाचणार नाहीत, स्कॅन करा. व्हीएचएस टेपा तर आधी करा, उद्या नाही, आजच.

संग्रहालय झालं काय, न झालं काय, हे एवढं केल्याशिवाय दहा वर्षांनी मांडायला काही उरणार नाही.

हिशेबनीस

तुमचा प्रतिसाद माझ्याच बाजूचा झाला की! जतन करा, स्कॅन करा, खोकी नीट लावा. त्याला दफ्तरखाना म्हणतात. दालनं, मांडणी, प्रवेशद्वार कशाला हवं?

लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबचंच घ्या. डेव्हिड फ्रान्स नावाच्या समर्थकाने उभं आयुष्य घालवून प्रचंड संग्रह जमवला. त्यासाठी स्वतंत्र धर्मादाय ट्रस्ट झाला, ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून मदत मिळाली, ट्रस्टने संग्रह घेतला. त्यात क्लबची जुनी कागदपत्रंही आली. पण ठेवला कुठे? लिव्हरपूलच्या सार्वजनिक अभिलेखागारात. तिथे तापमान सांभाळायला माणसं आधीच आहेत. धागाकर्त्याची ट्रस्टची अट पुरी झाली, माझी खर्चाची पुरी झाली. मिटलं.

जुना प्रोग्रॅम

उदाहरण उत्तम आहे, मान्य. पण अभिलेखागारात जातो तो संशोधक. सामन्याच्या दिवशी आठ वर्षांचं पोर बापाचा हात धरून तिथे जात नाही. मी आवारात म्हणतोय ते त्या पोरासाठी.

तिरकस कॉर्नर

ते आठ वर्षांचं पोर तुमच्या दालनातून बाहेर पडेल ते थेट क्लबच्या दुकानात. सगळीकडे रचना तीच असते. शेवटचा दरवाजा मर्चंडाइजमध्ये उघडतो.

माझा आक्षेप पैशांचा नाही, खरेपणाचा आहे. क्लबच्या भिंतींच्या आत क्लबविरुद्धचा इतिहास राहत नाही. इटलीच्या युव्हेंटसची २००४-०५ आणि २००५-०६ ची लीग विजेतेपदं कॅल्चोपोली या फुटबॉल घोटाळ्यात काढून घेतली गेली. एक कुणालाच दिलं नाही, दुसरं इंटर मिलानला गेलं. युव्हेंटस मात्र आजही ती दोन्ही आपल्या मोजणीत धरतो. त्यांच्या संग्रहालयात फिरणारा मुलगा काय शिकणार? तुमच्या क्लबचा अध्यक्ष पैसे खाऊन पळाला असेल तर त्याचा फोटो लावाल? खाली काय लिहाल?

उत्तर स्टँड, शेवटची रांग

@तिरकस कॉर्नर : अर्धंच सांगितलंत. त्याच युव्हेंटसच्या संग्रहालयात १९८५ च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर दगावलेल्या ३९ प्रेक्षकांची आठवणही जपलेली आहे. तो सामना त्यांनी त्याच रात्री जिंकला होता. ते लपवणं सोपं होतं.

आणि इतिहास दडपला जातो म्हणून तर समर्थकांनी यात पडायचं. बायर्न म्युनिक. १९३२ ला पहिल्यांदा जर्मन विजेते झाले तेव्हा अध्यक्ष होते कुर्ट लांडाउअर. ज्यू. नाझी आल्यावर १९३३ मध्ये पद सोडावं लागलं, १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. सुटल्यावर स्वित्झर्लंडला गेले, १९४७ मध्ये परत येऊन पुन्हा अध्यक्ष झाले. एवढा मोठा माणूस, आणि नंतर कित्येक दशकं त्यांचं नाव क्लबमध्ये फारसं कुणी घेत नव्हतं. शिकेरिया या अल्ट्रा गटाने, म्हणजे कट्टर समर्थकांच्या संघटित गटाने, ते वर काढलं. त्यांच्या नावाने स्पर्धा भरवली, स्टँडभर चित्र उभं केलं. २०१४ मध्ये जर्मन फुटबॉल महासंघाने या गटाला भेदभावाविरुद्धच्या कामासाठीचा युलियुस हिर्श पुरस्कार दिला. ज्यांना सगळे हुल्लडबाज म्हणतात, त्यांना.

तिरकस कॉर्नर

मग माझंच सिद्ध झालं ना. हे सगळं त्यांनी संग्रहालयाशिवाय केलं! कापड, रंग आणि आवाज, बस. संग्रहालय मागितलं असतं तर संचालकांच्या समितीत तीन वर्षं चहा पीत बसले असते.

उत्तर स्टँड, शेवटची रांग

चित्र नव्वद मिनिटं टिकतं. रंगवणारी पोरं चाळिशीला पोचतात, संसाराला लागतात, नवे येतात त्यांना काही माहीत नसतं. कुठेतरी ते मुक्कामाला यायला नको का?

ऑफसाइड ताई

सगळ्यांनी पुरुषांचेच चषक मोजले. १९२० च्या डिसेंबरमध्ये डिक, कर लेडीज या इंग्लंडमधल्या बायकांच्या संघाचा सामना एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर झाला, ५३,००० प्रेक्षक होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लिश महासंघाने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. जवळजवळ पन्नास वर्षं. त्या काळाचे चषक कपाटात असणारच नाहीत, कारण क्लबांच्या मैदानांवर खेळूच दिलं नाही. तुमच्या ट्रस्टच्या घटनेत हे आधी लिहा, नाहीतर 'समर्थकांचं संग्रहालय' म्हणजे क्लबच्या दुकानाची जरा गरीब आवृत्ती.

गोलरक्षकाचा भाऊ

ताईंना +१. आणि वस्तू नसतील तर माणसं बोलती करा. कोलकात्याच्या मोहन बागानने २९ जुलै १९११ ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली तेव्हा एक सोडून सगळे अनवाणी होते. बूट मांडायचे म्हटलं तर मांडणार काय? तेव्हा कुणी त्या दहा जणांना बसवून चिखलात पाय कसा रोवत होतात हे विचारून लिहून घेतलं असतं तर ते कुठल्याही बुटापेक्षा मोलाचं झालं असतं.

अवांतर : ज्यांना वाटतं क्लबच्या कपाटात वस्तू सुरक्षित असते, त्यांच्यासाठी. पहिला एफए कप १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका दुकानाच्या खिडकीतून चोरीला गेला, अॅस्टन व्हिलाला २५ पौंड दंड झाला. ज्यूल रिमे चषक, म्हणजे जुना विश्वचषक, १९८३ मध्ये रिओत खुद्द ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्या इमारतीतून गेला. समोर गोळी न शिरणारी काच होती, कपाटाची मागची बाजू लाकडी. चोरांनी ती उचकटली.

हिशेबनीस

दोन्ही चषक मिळाले नाहीत, हेही लिहा. विम्याचा विषय मी उगाच काढला नव्हता.

ट्रस्टवर येतो, कारण त्यावर कुणी बोलत नाहीये. क्लब बुडाला तर वस्तू वाचाव्यात हा हेतू मला पटतो. इंग्लंडच्या बरी एफसी या क्लबने १९०३ ची एफए कप अंतिम लढत ६-० ने जिंकली होती. एवढ्या फरकाची बरोबरी मँचेस्टर सिटीने केली ती थेट मे २०१९ मध्ये, आणि त्याच ऑगस्टमध्ये बरीला लीगमधून काढून टाकलं. धनको दारात आले की चषक आणि खुर्च्या एकाच यादीत येतात. पण ट्रस्टही माणसंच चालवतात. विश्वस्त कोण निवडणार? सीझन तिकीटवाले? की ज्याने सर्वांत जास्त वस्तू दिल्या तो? पाच मित्रांनी ट्रस्ट काढला आणि सहाव्याशी भांडले, तर चावी कुणाकडे?

जुना प्रोग्रॅम

प्रश्न रास्त आहे. माझा मसुदा असा. वस्तू घेताना दानपत्र की उसनवार हे लेखी, मुदतीसकट. विश्वस्त मंडळात क्लबचा एकच माणूस, बहुमत निवडून आलेल्या समर्थकांचं, सलग दोन मुदतींपेक्षा कुणी नाही. विक्रीवर बंदी. ट्रस्ट मोडला तर सगळं सार्वजनिक अभिलेखागाराकडे, क्लबकडेही नाही आणि कुणाच्या घरीही नाही. म्हणजे तुमचं एव्हर्टनचं उदाहरण मी शेवटच्या कलमात घेतलंय.

हिशेबनीस

शेवटचं कलम पहिलं करा, मी सही करतो. आधी अभिलेखागार, पाच वर्षांनी पैसा उरला तर दालन.

कसर आणि वाळवी

पाच वर्षं वाद घाला खुशाल. तोवर ते फेल्ट तेवढं काढून टाका.