मदत हवी आहे: योजनेच्या पेशंटकडून कॅश घेतात, तक्रार कुठे करू?

रातपाळी:
लवकर सांगा प्लीज. आमच्या हॉस्पिटलमध्ये मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या पेशंटकडूनही पैसे घेतात. पक्की पावती नाही, नुसती चिठ्ठी. इन्चार्जना विचारलं तर म्हणे, तू तुझं काम बघ. निनावी तक्रार चालते का? नोकरी जायला नको.

कोकणकडा:
कोणती योजना? हॉस्पिटल सरकारी, ट्रस्टचं की खासगी? तुम्ही तिथे कोण?

आबा_पुणेकर:
सरळ आरटीआय टाका. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तीन वर्षं रखडलेलं, एका अर्जात कामाला लागले.

रातपाळी:
योजना म्हणजे जीवनदायी, दुसरी कोणती असणार? प्रायव्हेट आहे. मी बिलिंगला. आबा, ड्रेनेजचा काय संबंध?

सिस्टर_माई:
जीवनदायीचं नाव 2017 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे हो. मी योजनेच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण, डिस्चार्जनंतर 10 दिवसांचा फॉलोअप सगळं येतं. पण पैसे कसले घेतात ते सांगा ना. योजनेचं अप्रूव्हल येण्याआधी डिपॉझिट म्हणून, की नंतर? 'चांगल्या क्वालिटीचं इम्प्लांट' सांगून नातेवाइकांची संमतीपत्रावर सही घेतात का? तशी सही असेल तर ते तीच पुढे करतील.

बर्मिंगहॅमकर:
आमच्याकडे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, हॉस्पिटलं चालवणाऱ्या प्रत्येक ट्रस्टला 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' असतो, म्हणजे कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार ज्याला सांगायचे तो माणूस. 2015 च्या फ्रान्सिस अहवालानंतर ही पदं आली. तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा तर 1998 चा. भारतात असं काही हवं.

कोकणकडा:
बर्मिंगहॅमकर, बाळांच्या खुनात दोषी ठरलेल्या लुसी लेटबी या नर्सच्या प्रकरणात तिच्यावर शंका घेणाऱ्या डॉक्टरांनाच तिची लेखी माफी मागायला लावली होती, ती तुमच्या एनएचएसमध्येच ना? आपल्याकडेही गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी 2014 चा व्हिसलब्लोअर कायदा आहे. संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण लागू केलाच नाही. आणि तो मुळात सरकारी सेवकांच्या भ्रष्टाचाराबद्दल. खासगी हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्याला त्याचा काय उपयोग?

आबा_पुणेकर:
म्हणूनच म्हणतो, आरटीआय!

सिस्टर_माई:
आबा, खासगी हॉस्पिटल थेट आरटीआयखाली येत नाही. राज्य आरोग्य हमी सोसायटीला विचारता येईल, पण अर्जावर पत्ता कोणाचा? या पोराचा! आणि आरटीआयने माहिती मिळते, तक्रारीवर कारवाई होत नाही.

आबा_पुणेकर:
मित्राच्या नावाने टाकावा. एवढं घाबरून कसं चालेल? आमच्या वेळी...

शुभदा_न:
अवांतर: सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन या योजनेत बसतं का? आमचं रेशनकार्ड पांढरं आहे.

कोकणकडा:
2023 च्या जीआरने कार्डाच्या रंगाची अट गेली. मर्यादा वर्षाला कुटुंबामागे 5 लाख. गुडघ्याचं हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) विचारा किंवा योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 वर, फोन करा. आता मूळ प्रश्नाकडे वळू या.

रातपाळी:
माई, अप्रूव्हलच्या नंतर घेतात. सही बहुतेक नसते. माझ्याकडे चिठ्ठ्यांचे आणि पेशंटच्या फाइलींचे फोटो आहेत. फेसबुकवर टाकू का? दोन दिवसांत व्हायरल होईल.

सिस्टर_माई:
अजिबात नको! फाइलीत पेशंटचं नाव, आजार, आधार नंबर असतो. पैशांचं राहील बाजूला आणि गोपनीयता मोडली म्हणून तुलाच काढतील, वर पोलिसात जातील. मुळात तक्रार तुझ्या नावाने कशाला? ज्याने पैसे भरले त्याला करू दे. चिठ्ठी त्याच्याकडे आहे. 155388 वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा, मग योजनेच्या जिल्हा समन्वयकांना लेखी अर्ज. पैसे परत मिळण्याचा हक्कही त्याचाच. आमच्याकडे असं झालं तेव्हा नातेवाइकाच्या एका कागदाने काम झालं. आम्ही सगळ्या नुसत्या गप्प उभ्या होतो.

गावगाडा:
नातेवाईक करणार नाहीत. त्यांना पुन्हा त्याच डॉक्टरकडे यायचं असतं. मी आरोग्यमित्र होतो, पन्नासदा सांगितलं असेल, लोक म्हणतात पेशंट बरा झाला, जाऊ द्या.

रातपाळी:
तेच ना. आणि आमच्या इथला आरोग्यमित्र मॅनेजरसोबतच जेवतो.

गावगाडा:
मग त्याला काही बोलू नका. डिस्चार्ज होऊन घरी गेलेला, फॉलोअप संपलेला पेशंट शोधा. त्याला भीती कमी असते. तुम्ही परमनंट की एजन्सीकडून?

रातपाळी:
एजन्सीकडून.

कोकणकडा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! नेमणुकीचं पत्र आहे का हातात?