फायब्रोमायल्जियात व्यायामाने दुखणे वाढते. मग तो किती करावा?

प्रश्न:
माझे वय ४६ आहे. अंगभर ठणका, कितीही झोपले तरी न जाणारा थकवा आणि सकाळी आखडलेले अंग या तक्रारींवर गेल्या वर्षी फायब्रोमायल्जियाचे निदान झाले. रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित आल्यामुळे घरच्यांना हा आळस वाटतो, तो भाग निराळा. डॉक्टरांनी ‘व्यायाम करा’ एवढेच सांगितले. बरे वाटले त्या दिवशी मी पाऊण तास भरभर चालले आणि पुढचे तीन दिवस मला अंथरुणातून उठवले नाही. ज्याने दुखणे वाढते, तो उपचार कसा?

प्रतिसाद १:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. या आजारात स्नायूंना इजा झालेली नसते. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, म्हणून साधा ताणही मोठा जाणवतो. तरीही संधिवाताच्या युरोपीय संघटनेने २०१६ साली जाहीर केलेल्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो एकट्या व्यायामाला. औषधांविषयीच्या शिफारशी त्यामानाने सौम्य आहेत. चूक व्यायामात नव्हती, मात्रेत होती. सहज जमेल त्याहूनही कमी, म्हणजे पाच-सात मिनिटे सपाट रस्त्यावर, बोलता येईल अशा गतीने चालावे. किती जमले याचा निवाडा त्याच वेळी न करता दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीवरून करावा आणि एक-दोन आठवडे तेवढेच निभले, तरच एखाद-दोन मिनिटे वाढवावीत. बरे वाटते म्हणून दुप्पट चालायचे नाही, हा नियम रुग्णांना सर्वांत जड जातो. पुढे आठवड्यातून दोन-तीन वेळा २० ते ३० मिनिटांपर्यंत पोहोचले तरी पुष्कळ झाले.

प्रतिसाद २:
मी नऊ वर्षांपासून रुग्ण आहे. दुखणे गेलेले नाही, पण जिना चढता येतो, झोप सुधारली आहे. मला चालण्यापेक्षा कोमट पाण्यातला व्यायाम मानवला. अमेरिकेत २२६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताई ची हा संथ व्यायामप्रकार एरोबिक व्यायामाच्या तोडीचा किंवा सरस ठरला. तेव्हा जो प्रकार आवडीने टिकेल, तोच निवडावा.

प्रतिसाद ३:
एक सावधगिरी सुचवतो. थोड्याशा श्रमानंतर केवळ दुखणेच नव्हे, तर ताप आल्यासारखी कणकण, विचारांत धूसरता आणि कित्येक दिवसांची गळाठा आणणारी अवस्था येत असेल, तर ते दीर्घकालीन थकव्याच्या निराळ्या आजाराचे लक्षण असू शकते. त्या आजारात ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत उपचारांच्या मार्गदर्शक शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ साली शिफारशींतून काढून टाकली. म्हणून तुमचे ते तीन दिवस नेमके कसे गेले, हे डॉक्टरांना सविस्तर सांगावे.

प्रश्नकर्ती:
कणकण नव्हती, निव्वळ ठणका होता; तरीही विचारून घेईन. उद्यापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत आणि परत, एवढेच चालेन. घड्याळात ते सहा मिनिटांचे अंतर आहे.