मदत हवी आहे: वारांगरला मे अखेरीस जावे की जूनच्या मध्यानंतर?

नॉर्वेच्या ईशान्य टोकावरील वारांगर द्वीपकल्पात मार्गदर्शकासह होणाऱ्या पक्षीनिरीक्षण सहलीसाठी माझ्यापुढे मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा तिसरा आठवडा असे दोनच पर्याय आहेत. वार्दो गावासमोरच्या होर्नोया बेटावरील पफिन, रेझरबिल आणि ब्रुनिक्स गिलेमॉट हे समुद्रपक्षी दोन्ही वेळी दिसतील, त्यामुळे त्यांची चिंता नाही. खरा पेच टुंड्राचा आहे. बोट्सफियुर्ड गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील माळरानावर मे अखेरीसही बर्फ असू शकतो, आणि मला तर लांब शेपटीचा स्कुआ, डॉटरेल आणि लाल मानेचा फॅलारोप प्रजननस्थळी पाहायचे आहेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरील जुन्या नोंदी चाळल्या, पण त्यांतून बर्फाचा अंदाज येत नाही, आयोजकांनी दोन्ही तारखा उत्तम असल्याचे सांगितले (ते दुसरे काय सांगणार!). स्टेलर्स आयडर या समुद्री बदकाच्या हिवाळी थव्यांसाठी मार्चमध्ये जाणे शक्य नाही. गुडघेदुखीमुळे मऊ बर्फातून किंवा दलदलीतून फार चालता येणार नाही, म्हणून निरीक्षण मुख्यतः रस्त्यालगतच करावे लागेल. या भागात प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे: मे अखेरीस हे तीन पक्षी रस्त्यावरून दिसण्याइतके स्थिरावलेले असतात का, की डासांचा त्रास पत्करूनही जूनच निवडावा?