'द चेरी ऑर्चर्ड' चार बैठकांत कसं वाचावं?

प्रश्न: वाचनगट, गंगापूर रोड
एम.ए.च्या तयारीसाठी नाशिकमध्ये आम्ही काही जण रशियन नाटककार चेखवचं 'द चेरी ऑर्चर्ड' इंग्रजीतून वाचतोय. अंक चार, बैठकाही चार. नावांपाशीच गाडी अडते. गाईडमध्ये 'सरंजामशाहीचा ऱ्हास' एवढंच असतं. मजकुरात नेमकं काय शोधायचं? आणि लेखक याला कॉमेडी का म्हणतो?

उत्तर: पाठांतर
रशियन नावात मधलं नाव वडिलांचं, आपल्यासारखंच. ल्युबोव्ह आंद्रेयेव्हना (रानेव्हस्काया) आणि लिओनिद आंद्रेयेविच (गायेव) ही आंद्रेयची मुलं, बहीण-भाऊ. आडनाव, हाकेचं नाव, घरातलं नातं असे तीन रकाने आखा आणि कागद समोर ठेवा.

मग पैसे मोजा. हे कुणी करत नाही, आणि नाटक तिथेच उलगडतं. कर्जापायी या दोघांची मालमत्ता लिलावात निघणार आहे. व्यापारी लोपाखिन म्हणतो, बागेचे प्लॉट पाडून उन्हाळी बंगल्यांना भाड्याने द्या: देस्यातिनामागे (जमिनीचं जुनं रशियन माप) वर्षाला कमीत कमी २५ रूबल, एकूण निदान २५,००० उत्पन्न. म्हणजे जवळपास १,००० देस्यातिना, सुमारे २,७०० एकर. योजना चालण्यासारखी आहे. तरी बहीण-भाऊ ती ऐकूनच घेत नाहीत, कारण त्यासाठी झाडं तोडावी लागतील. यारोस्लाव्लच्या आत्याबाई १५,००० पाठवतात, त्यात व्याजसुद्धा भागत नाही. लिलावात लोपाखिन कर्जाच्या वर ९०,००० बोलतो. हे आकडे सलग लिहून काढलेत, की कोण कुठल्या जगात जगतंय ते लख्ख दिसतं.

उत्तर: गोदाकाठ
ऱ्हासाबद्दल लिहायचं तर १८६१ समजून घ्या. त्या वर्षी रशियातले भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी, मुक्त झाले, पण मिळालेल्या जमिनीचे ४९ वर्षांचे हप्ते मानेवर बसले. कूळकायद्याशी तुलना करायचा मोह होईल, टाळा. लोपाखिनला जमीन कायद्याने मिळत नाही, व्यापारातल्या पैशाने तो ती विकत घेतो. ज्या घराच्या स्वयंपाकघरातही बापाला-आजोबाला पाऊल ठेवू देत नव्हते, तीच ही मालमत्ता. उलट ८७ वर्षांचा नोकर फिर्स मुक्तीलाच अरिष्ट म्हणतो. ही दोन भाषणं आणि दुसऱ्या अंकात विद्यार्थी त्रोफिमोव रानेव्हस्कायाच्या मुलीला, आन्याला, तुझे पूर्वज माणसांचे मालक होते असं सांगतो ते भाषण, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. उत्तराचा कणा तयार.

उत्तर: रंगपीठ
कॉमेडी कळायला मोठ्याने वाचा, आणि भरभर. जो अंक जास्तीत जास्त १२ मिनिटांत संपायला हवा, तो दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की ४० मिनिटं ओढतो, अशी चेखवचीच तक्रार होती. रडवेला सूर लावला की पात्रं एकमेकांचं ऐकत नाहीत ही गंमत मरते. चौथ्या अंकात लोपाखिन रानेव्हस्कायाच्या दत्तक मुलीला, वार्याला, मागणी घालेल म्हणून सगळे थांबलेत, आणि तो बोलतो तीन अंश थंडीबद्दल; ती म्हणते, आमचा थर्मामीटर फुटलाय. पहिल्या अंकात कारकून एपिखोदोवनेही तीनच अंश सांगितले होते, तेव्हा चेरी फुललेली होती. दोन्ही जागांवर खूण करा. इथे 'पॉज' ही रंगसूचना वाचून दाखवू नका, नुसते थांबा.

उत्तर: गोदाकाठ
तारखांचा घोळ राहिला. पहिला प्रयोग १७ जानेवारी १९०४, जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे; नव्याप्रमाणे ३० जानेवारी. दोन्ही बरोबर, पण उत्तरपत्रिकेत कुठलं कॅलेंडर ते लिहा. नाटकातला लिलाव २२ ऑगस्टचा, म्हणजे तिसरा अंक; पहिला मे महिन्यात, चौथा ऑक्टोबरमध्ये.